मगिरेनीची कोरी वही

— ज्यानं कुणी हा कागद लिहिलाय ना सिस्टर, त्यानं आजारी माणूस कधी जवळून बघितलेलंच नाही. नाही, नाही, तुम्हाला नाही म्हणत मी, तुम्ही फक्त वाचून दाखवलंत. पण कुणीतरी लिहिलं असेलच ना — कुठंतरी खुर्चीत बसून, जेवण झाल्यावर — की बाई दिवसाचा अर्ध्याहून जास्त वेळ अंथरुणाबाहेर असली पाहिजे, आपलं आपण उठणारी-बसणारी पाहिजे, गोळ्या गिळणारी पाहिजे, आणि कॅन्सर मात्र पोटभर पसरलेला पाहिजे. म्हणजे आजारी हवी, पण आजारी दिसायला नको. अशी बाई मिळायची कुठं? — मिळते. बाहेर बाकावर बसलीय, तुमच्याच खिडकीखाली. माझी आई, मगिरेनी. चोपन्न वर्षांची. अंडाशयाचा कॅन्सर, पार वरपर्यंत चढलेला, असं वॉर्डातल्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि म्हणाले, नवीन औषधाची चाचणी चाललीय, तिकडं चिसाले सिस्टर बसतात, त्यांच्या यादीत बसते का विचारा. म्हणून आलेय. आणि अंथरुणाबाहेर म्हणाल तर तीन आठवडे झाले, आम्ही नातेवाइकांच्या शेडमध्ये चटईवर पडतोय, अंथरूण आम्ही बघितलेलंच नाही, तेव्हा ती चोवीस तास अंथरुणाबाहेरच आहे. धरा की तसं. हसलात, बरं वाटलं.

चालते ती. चालते म्हणजे — आज फाटकापासून इथपर्यंत आलो ना आम्ही. या मावशींना विचारा. मावशी, तुम्ही बघितलंत ना आम्हाला येताना? — असू दे, नाबांडा मावशींचं लक्ष फरशी पुसण्याकडं, त्या कशाला आमच्याकडं बघतील. आणि खाते. सकाळीच मक्याच्या न्सिमाचा अख्खा गोळा खाल्ला, मोहरीच्या पाल्याबरोबर, वर मूठभर सुकी मासळी. मी म्हटलं, आई, माझ्यासाठी ठेव जरा. गोळ्या काय, दगड दिलात तरी गिळेल. मूत्रपिंड, रक्त, जे काय तपासायचं ते तपासा. ती खिडकी लागत नाही वाटतं? पट्ट्या गंजल्यात. राहू दे, नका ओढू, हात कापेल. तिला तसंही ऐकू येत नाही नीट, त्या औषधानंतर तिचे कान — कुठल्या म्हणजे, क्विनाइनच्या. मलेरिया झाला होता ना मागच्या पावसाळ्यात. क्विनाइननं कान गुंगतात, तुम्हाला काय सांगायचं. तेव्हापासून जरा मोठ्यानं बोलावं लागतं.

आणि ही तिची वही. बघा. सावकाश बघा. दवाखान्याची वही अशी तुम्ही कधी बघितली नसेल. लोकांच्या वह्या कशा असतात मला ठाऊक आहे — तेलकट, कोपरे उंदरांनी खाल्लेले, तीन डॉक्टरांची तीन अक्षरं, मधलं पान कुणीतरी तंबाखूला वापरलेलं. दवाखाना स्वतःकडं काही ठेवत नाही, सगळा जन्म आपला आपण पिशवीत घेऊन फिरायचं, आणि लोक तरी अशी ठेवतात. हिला प्लॅस्टिकचं कव्हर मी घातलंय. पहिल्या पानावरचं अक्षर माझं आहे. मी शाळेत शिकवते, दुसरीचा वर्ग, एकशे चौदा मुलं आणि सव्वीस बाकं. रोज ओरडते त्यांच्यावर — प्रश्न आधी पुरता वाचा, मग उत्तर लिहा, घाई करणाऱ्याला शून्य. तर बघा, तीनच पानं भरलीत, तिन्ही याच दवाखान्यातली, पोटातलं पाणी काढलं त्याची. त्याच्या आधी काही नाही. एक सलाईन नाही, एक बाटली नाही. कोरी आहे आई. कुणाचाही हात न लागलेली. अगदी तुम्हाला हवी तशी —

काय झालं? अशा का बघताय? — हे? दुसरी ओळ? तुम्ही वाचलीत ना मघाशी. मी ऐकली. म्हणजे पहिली ओळ ऐकली आणि मला राग आला, मग पुढचं — द्या, मी वाचते, आपल्याच भाषेत आहे की. 'ज्या स्त्रियांना पूर्वी प्लॅटिनमवर्गातल्या औषधाच्या फेऱ्या मिळालेल्या आहेत, आणि शेवटच्या फेरीनंतर सहा महिन्यांच्या आत आजार परतलेला आहे, अशा स्त्रियांनाच...' अशा स्त्रियांनाच. थांबा हं. 'आधीच्या उपचारांची लेखी नोंद आवश्यक.' थांबा. मी पुन्हा वाचते.

थोडं पाणी मिळेल का?

म्हणजे ज्यांचं आधी झालंय त्यांच्यासाठीच आहे हे. ज्यांच्यावर जुनं औषध चालेनासं झालं त्यांच्यासाठी. असं कसं? शेडमध्ये तर सगळ्या म्हणतात — असं नाही म्हणत कुणी. नासिबेको म्हणाली. आमच्या शेजारच्या चटईवर असते, सरोवराकडची आहे, बहिणीला घेऊन आलीय. तिच्या बहिणीला दुसऱ्या कुठल्याशा चाचणीतून परत पाठवलं, का, तर म्हणे आधी उपचार झालेत. नासिबेको म्हणाली, झेलिफा, हे रिसर्चवाले कोऱ्या माणसालाच घेतात, उष्ट्या ताटात कुणी जेवतं का? आणि सगळ्या बायकांनी माना हलवल्या. मला पटलं. का नाही पटणार? मी शाळेतही तेच करते, ज्याची पाटी स्वच्छ त्याला पुढं बसवते.

सिस्टर, तिच्या झाल्यात. सहा. सहाच्या सहा. खोटं नाही बोलत आता. टेकडीवरच्या मिशनच्या दवाखान्यात, मागच्या वर्षी, दर तीन आठवड्यांनी एक. तिथं एक परदेशी डॉक्टर होता, तिचं ऑपरेशनही त्यानंच केलं, बाटल्याही त्यानंच दिल्या. शेवटची बाटली मका पेरला त्या आठवड्यात. मला नीट आठवतं, कारण मी अर्धी सरी तशीच सोडून तिला आणायला गेले होते. आणि कणसं भाजायला झाली तेव्हा तिचं पोट पुन्हा फुगलं. मोजा तुम्ही. पेरणीपासून कणसापर्यंत. चार महिनेसुद्धा नाहीत. सहाच्या आत आहे ना? आहे ना आत? तर मग ती बसते. दोन्ही ओळींत बसते. अगदी तिच्याकडं बघूनच लिहिलाय की हा कागद, आणि मी लिहिणाऱ्याला शिव्या घालत बसलेय.

वही? — जुनी वही घरी आहे. गावाला.

नाही. घरी नाहीये.

ही नवी मी फाटकासमोरच्या टपरीवरून आणली. तिथं केळ्यांच्या फण्यांशेजारी वह्या लटकवलेल्या असतात, कुणी विचारत नाही कुणासाठी म्हणून. आणि जुनी आधी चटईखाली ठेवली होती. मग नासिबेको म्हणाली, इथं सगळे सगळ्यांच्या पिशव्या उचकतात, सिस्टरांच्या हाती लागली तर तुझी आई गेलीच. त्या दिवशी कोळसा ओला होता. पेटत नव्हता. मी एक पान फाडलं — नावाचं — आणि खाली सरकवलं. मग दुसरं. कागद जाड होता, छान पेटला. पहिल्या बाटलीचं पान, दुसऱ्या बाटलीचं. सहाव्या पानावर निळा शिक्का होता आणि कडेला त्या डॉक्टरनं आपल्या भाषेत काहीतरी लिहिलं होतं, दोन ओळी, खाली रेघ मारून. मी वाचायचा प्रयत्न केला. जाळ मोठा होता, बोट भाजलं, सोडून दिलं. त्याच जाळावर आईची लापशी शिजवली. आई म्हणाली, आज लापशीला शाईचा वास येतोय. मी म्हटलं, तुझं नाक बिघडलंय.

हो, लापशी. न्सिमा नाही. न्सिमा तिच्या घशाखाली महिन्याभरात उतरलेला नाही. आज सकाळी तीन चमचे लापशी, त्यातला एक बाहेर आला.

पण तुम्ही तिला तपासा ना. माझ्यावर विश्वास नका ठेवू, ठेवूच नका, पण तिच्या पायांना हात लावून बघा. पायातून चप्पल निसटली तरी तिला कळत नाही, चार पावलं पुढं जाते आणि मग मी ओरडते. सहा बाटल्यांनी झालंय ते. डोक्यावरचे केस बघा, सगळे गेले होते, परत आलेत ते तान्ह्या मुलासारखे मऊ. कान — क्विनाइन नव्हतं हो ते. मलेरिया बिलेरिया काही नव्हता. तिसऱ्या बाटलीनंतर म्हणायला लागली, कानात रातकिडे बसलेत, बाहेर काढ. हे सगळं लिहिलेलंच आहे ना? तिच्या अंगावर लिहिलंय, आणि तुम्ही वहीत शोधताय. कागदच हवा. कळतं मला. पायाला हात लावून तुम्ही औषधाचं नाव कसं लिहिणार, किती दिलं ते कसं लिहिणार. आणि ती एवढी खंगलेली असताना नवं औषध दिलं तर औषधच तिला नेईल, म्हणून ती चालण्याची ओळ. तेही कळतं. मला सगळं कळतं सिस्टर, फक्त वेळेवर कळत नाही. पण एक सांगा — आज चालणाऱ्या बायकांवर बघून तुम्ही औषध काढाल, चांगलं निघेल, मी तर म्हणते निघू देच. पण उद्या ते घ्यायला कोण येणार आहे? माझ्या आईसारखीच येणार ना, पाठीवर? मग तिला कोण सांगणार, हे तुझ्यावर बघितलेलंच नाही म्हणून?

तो डॉक्टर? तो गेला आपल्या देशाला, त्याची दोन वर्षं संपली. नोंद आहे. आहे नोंद, तुम्ही विचारलंत म्हणून आठवलं. औषधखोलीची जाड नोंदवही आहे, मेट्रनच्या कपाटात, कुलपात. प्रत्येक बाटली लिहायचे तिच्यात, मी बघितलंय, तारीख, किती, कुणाला. मगिरेनी म्हणून नसेल पण, तिकडं कुळाचं नाव लावतात, नाफिरी म्हणून असेल. पण ती मेट्रन पेशंट स्वतः समोर उभा राहिल्याशिवाय पान उघडत नाही. माझी मावसबहीण नवऱ्याचा कागद आणायला गेली होती, लग्नाचा दाखला घेऊन गेली, तरी हात हलवत परत. मेट्रन म्हणते, ज्याचं अंग त्याची नोंद. पूर्वी लोक दुसऱ्याच्या नावावर औषधं उचलायचे ना, तेव्हापासून. फोन करून बघाल? — हो, वादळात तिथला मनोरा पडला तो अजून आडवाच आहे, मलाही ठाऊक आहे, उगीच विचारलं. पत्र द्याल, पण पत्र जाऊन उत्तर यायला आठवडा, आणि तुमची यादी परवा बंद होतेय. एकच जागा उरलीय म्हणालात.

आणि ती कशी जाणार तिथं? दोन तास मिनीबस आणि मग ती चढण. सिस्टर, ती संडासापर्यंत जात नाही. मी नेते. आज फाटकापासून — नाही आली चालत. मी आणलं तिला. पाठीवर, चितेंजेच्या कापडात बांधून, बायका पोरं बांधतात तसं. किती हलकी झालीय सांगू का, वर्गातली मोठी मुलगीही तिच्याहून जड असेल. वाटेत लोक बघत होते, आणि ती माझ्या मानेपाशी तोंड घालून म्हणत होती, झेलिफा, उतरव मला, माणसांत तरी उतरव. या मावशींनी सगळं बघितलंय, म्हणूनच मघाशी काही बोलल्या नाहीत. माणूस चांगलं असलं की गप्प बसतं. मावशी, बादली घेऊन बाहेर निघालातच तर एवढी बाटली आईला द्याल? थोब्वा आहे, मक्याचं. घोट घोट घे म्हणावं, आणि सांगा, लेक आलीच एवढ्यात. जरा मोठ्यानं सांगा, कानाशी.

तिला? — नाही, तिला नाही सांगितलेलं. परत आलंय ते नाही सांगितलं. पोटात पाणी झालंय एवढंच माहीत आहे तिला. आणि इथं कशाला आलोय म्हणाल, तर ताकदीचं औषध मिळतंय म्हणून आणलंय. सही तिचीच लागते, हो, ही खालची ओळ, आता सगळ्या ओळी वाचतेय मी — 'स्वतः समजून घेऊन, स्वतःच्या इच्छेनं.' सांगणार होते. नाव यादीत आलं की सांगणार होते. मोठी वाईट बातमी एकटी कशी द्यायची, सोबत काहीतरी चांगलं लागतं ना हातात. बरंय, तिला ऐकू येत नाही. मी मोठ्यानं बोलतेय का? सवय झालीय. तिच्याशी असंच बोलावं लागतं, आता सगळ्यांशीच बोलते.

शनिवारी मामा येतोय. तिचा थोरला भाऊ. आमच्यात बहिणींचं काय करायचं ते तोच ठरवतो, त्याचा शब्द शेवटचा. ओळखीचा मक्याचा ट्रक आहे, त्यात गादी टाकून तिला गावी न्यायचं म्हणतोय. माणसं ओळखतेय तोवर घरी आलेली बरी, म्हणतो. वाईट नाही तो, रडत होता बोलताना. पण गावात पोटातलं पाणी काढायला कोण आहे? मी त्याच्या पाया पडले, म्हटलं, मामा, शनिवारपर्यंत थांब, यादीत नाव आलं तर ठेवू, नाही आलं तर घेऊन जा. मी म्हटलं त्याला तसं. मीच म्हटलं. आणि वर शब्द दिला की नाव येणारच, मी सगळी व्यवस्था केलीय.

सिस्टर, मी लिहून देऊ का? — ऐका तरी. ही वही आहे, अजून कितीतरी पानं कोरी आहेत. सहाही तारखा मला पाठ आहेत. पहिली बाटली, त्या दिवशी तिला थंडी वाजून आली, दुसरीला पाऊस, तिसरीला कान, सगळं सगळं आठवतंय, मी होते ना शेजारी. माझं अक्षर चांगलं आहे. जे झालंय तेच लिहीन, एक शब्द जास्तीचा नाही, आणि झालेलं लिहिलं तर ते खोटं कसं? शिक्क्याचं बघू काहीतरी, शाळेचा आहे माझ्याकडं, निळाच आहे —

बरं. वही मिटलीत. नाही, बरोबर केलंत. मुलानं असं केलं असतं तर मी पाटी काढून घेतली असती.

ती यादी तेवढी उघडी ठेवा परवापर्यंत. नाव लिहू नका, नुसती जागा मोकळी ठेवा. आणि नोंद आणली तरी पुन्हा ती चालण्याची ओळ आहेच, माहीत आहे, तुम्ही स्वतः उठून तिला चालताना बघणार, रक्त बघणार, मग डॉक्टर ठरवणार, आणि घेतलं तरी चिठ्ठ्या टाकून ठरवतात, त्यात तिला नवं औषध येईल की नुसतं जुनं तेही नक्की नाही. हे सगळं तुम्ही सांगितलंत, मी आता ऐकलंय. नीट ऐकलंय. पण मी काय करू ते सांगा. मी वही जाळली, म्हणजे मी तिचं — नाही, तुम्ही 'तसं नाही' म्हणू नका, मला ते ऐकायचं नाही. तुम्ही नुसतं — काय झालं मावशी? बाटली परत का आणलीत? झोपलीय का ती?

“झोपतायत कसल्या. मी बाटली पुढं केली तर त्या उठून उभ्याच होत्या, चपला हातात घेतलेल्या. मला विचारलं, टेकडीवरच्या मिशनची मिनीबस कुठून सुटते. म्हटलं, थांबा, लेकीला हाक मारते, तर तोंडावर बोट ठेवलं. म्हणाल्या, तिला बोलू दे, रडून झालं की सांग. भिंतीला धरून गेल्या फाटकाकडं. मग भिंत संपली, तरी चालत होत्या.”